‘नॉर्थुल्ड्रा’ कशाला? सरळ ‘सामी’ म्हणायचं ना!

तळ्याकाठी:

माझी लेक दुसरीत आहे. शाळेत ‘जगातली माणसं’ असा प्रकल्प होता. तिने कार्डशीटवर बर्फ काढला, दोन तंबू काढले, शिंगांची फांदी फुटलेली सात-आठ रेनडिअर काढली आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘नॉर्थुल्ड्रा लोक’. बाईंनी ‘सुंदर’ असा शेरा दिला. मी तिला सांगितलं, अगं, असे लोक नसतात, ते सिनेमातले आहेत. तर म्हणाली, “मग ती रेनडिअर कोणाची?”

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे मांडते.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. डिस्नेच्या ‘फ्रोजन’चा दुसरा भाग 2019 साली आला. त्यात उत्तरेकडचं एक जंगल 34 वर्षं धुक्याने बंद आहे आणि आत नॉर्थुल्ड्रा नावाचे रेनडिअर पाळणारे लोक अडकलेत. एल्सा आणि आना या राजकन्यांच्या आजोबांनी त्यांना एक धरण ‘भेट’ म्हणून बांधून दिलेलं असतं. खरं तर ते त्यांना दुबळं करण्यासाठीच असतं. शेवटी धरण फुटतं, धुकं विरतं.

हे लोक कोणावरून घेतलेत हे लपलेलं नाही. नॉर्वे, स्वीडन, फिनलंडच्या उत्तरेला आणि रशियाच्या कोला द्वीपकल्पावर सामी लोक राहतात. लोकसंख्या साधारण 80 हजारांच्या आसपास धरतात. त्यांच्या भूमीला ते साप्मी म्हणतात. तंबू त्यांचा, रेनडिअर त्यांची, सिनेमात ऐकू येणारं ते गूढ गाणंही एका सामी संगीतकाराचं, फ्रोदे फ्येलहेइम यांचं. पण माणसांची नावं येलाना, हनीमॅरन, रायडर! एकही सामी नाव नाही. आणि जमातीचं नावही बनवलेलं.

धुक्याचं तर मला फारच लागलं. 1751 साली नॉर्वे-स्वीडनची हद्द आखली तेव्हा करारात एक पुरवणी जोडली होती. सामींनी कळप घेऊन हद्द ओलांडायची, पूर्वापार चालत आलं तसं, असं त्यात मान्य केलं होतं. पुढे 1852 मध्ये नॉर्वे आणि रशियाच्या ताब्यातल्या फिनलंडमधली हद्द त्यांच्या कळपांना बंद झाली. पिढ्यान् पिढ्या हिवाळ्यात जिथे चरायला नेत, तिथे जाणं एका फटक्यात गुन्हा ठरलं. म्हणजे कोंडलेले लोक खरेच होते. त्यांना धुक्याने कोंडलं नव्हतं, सरकारांनी कोंडलं होतं. माझ्या लेकीला धुकं माहीत आहे, ते सरकार माहीत नाही. खोटं नाव दिलं की जबाबदारीही कोणाचीच राहत नाही, असं माझं ठाम मत आहे.

कोकणकडा:

ताई, कळकळ पोचली, पण मला उलट वाटतं.

पहिली गोष्ट, हे सामींच्या अपरोक्ष झालेलं नाही. पहिल्या भागाच्या वेळी (2013) टीका झाली होती. म्हणून दुसऱ्या भागाआधी नॉर्वे, स्वीडन, फिनलंड या तिन्ही देशांतल्या सामी संसदा आणि सामी परिषद यांनी डिस्नेशी लेखी करार केला. सामी जाणकारांचा सल्लागार गट बसला. सिनेमा उत्तर सामी भाषेत डब झाला. त्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी ‘चालेल’ म्हणत असतील, तर आपण इथे बसून ‘नाही चालणार’ म्हणणारे कोण?

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. त्या जंगलात चार शक्ती आहेत: आगीचा सरडा, वारा, दगडी राक्षस, पाण्याचा घोडा. यातला पाण्याचा घोडा स्कँडिनेव्हियन लोककथांमधला आहे, बाकीचं बरंचसं पटकथेच्या सोयीचं. या लोकांना ‘सामी’ म्हटलं असतं तर जगभरातल्या पोरांनी हाच सामींचा धर्म म्हणून पाठ केला असता. आणि धर्माच्या बाबतीत या लोकांनी जे सोसलंय ते वाचलंत तर अंगावर काटा येतो. आंदेर्स पौलसेन नावाच्या म्हाताऱ्या सामी माणसाचा ढोल 1691 मध्ये जप्त केला. त्याच्यावर जादूटोण्याचा खटला चालला. ढोलाच्या कातड्यावर कोणती आकृती कशाची, हे त्याने स्वतः कोर्टाला समजावून सांगितलं. निकाल लागायच्या आधीच कोठडीत त्याचा खून झाला. ढोल गेला डेन्मार्कच्या राजाच्या संग्रहात. पुढे तो उत्तर नॉर्वेतल्या कारास्योकच्या सामी संग्रहालयात उसना म्हणून आला, पण त्याची मालकी सामींकडे आली ती थेट 2022 साली! असे कित्येक ढोल तर मिशनऱ्यांनी गोळा केले आणि जळून गेले.

ज्यांच्या देवघरातून इतकं नेलंय, त्यांचं देवघर सिनेमात नको. बनवलेलं नाव ही मला त्या देवघराची कडी वाटते.

आणि बाजाराचाही विचार करा. 2016 साली डिस्नेनेच पॉलिनेशियन लोकांच्या (प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या) दंतकथांमधल्या माउईचा, अंगभर गोंदण छापलेला पोशाख पोरांसाठी विक्रीला काढला होता. ओरड झाल्यावर मागे घेतला. ‘सामी’ नाव असतं तर त्यांची गाक्ती, म्हणजे पारंपरिक पेहराव, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून विकली गेली असती. ज्या गाक्तीच्या काठावरून, पट्ट्यावरून माणूस कुठल्या भागातला ते ओळखतात, ती!

तळ्याकाठी:

ढोलाची गोष्ट माहीत नव्हती. धर्माबद्दलचं तुमचं म्हणणं मला मान्य करावं लागेल, तिथे माझ्याकडे उत्तर नाही.

पण कराराबद्दल नाही. एवढी मोठी कंपनी दारात येते आणि सांगते की सिनेमा तर होणारच आहे, तुम्ही सल्ला द्या. तेव्हा ‘हो’ म्हणणं आणि मनापासून हवं असणं यांत अंतर आहे. त्यांनी हाती आलं त्यातलं चांगलं ते पदरात पाडून घेतलं, आणि बरंच केलं. म्हणून प्रेक्षकाने प्रश्न विचारायचाच नाही असं होत नाही. निदान शेवटच्या पाट्यांमध्ये न शोधता, सिनेमा बघताना कळावं की हे लोक आहेत, आजही आहेत.

ध्रुवतारा:

मी सहा वर्षं उत्तर नॉर्वेत, ट्रॉम्सोत राहतो, म्हणून लिहितो. दोघांचंही पटतंय आणि दोघांच्याही एक गोष्ट लक्षात आलेली नाही असं वाटतं.

आधी धरणाचं. ते कल्पनेतलं नाही. आल्टा नदीवर वीज प्रकल्प ठरला तेव्हा मूळ आराखड्यात ‘माझे’ (Máze) नावाचं सामी गावच पाण्याखाली जाणार होतं. गाव वाचलं, पण धरण रद्द झालं नाही. 1979 च्या ऑक्टोबरात सामी तरुणांनी ऑस्लोला संसदेसमोर आपला तंबू, लाव्वू, ठोकला आणि उपोषणाला बसले. 1981 च्या जानेवारीत कडाक्याच्या थंडीत पोलिसांच्या फौजेने आंदोलकांना उचलून नेलं. 1987 मध्ये धरण पुरं झालं. सिनेमात धरण फुटतं आणि सगळे गळ्यात गळे घालतात. आल्टाचं धरण आजही उभं आहे. त्या लढ्यातून 1987 चा सामी कायदा आला आणि 1989 मध्ये सामी संसद बसली, म्हणजे ज्या संसदेने डिस्नेशी करार केला ती याच धरणाच्या पोटातून निघालीय. हे पोरांना सांगण्यासारखं आहे, सिनेमापेक्षा कितीतरी सरस.

आणि हे जुनं झालं म्हणू नका. फोसेन भागात 151 पवनचक्क्या उभ्या आहेत. त्यांच्या परवान्यांनी रेनडिअरवाल्या सामींच्या हक्कांचा भंग होतो, असं नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये सांगितलं. पाती फिरतच राहिली. 2023 मध्ये तरुण पोरं ऑस्लोत मंत्रालयाची दारं अडवून बसली, तेव्हा कुठे सरकारने माफी मागितली.

आता लक्षात न आलेली गोष्ट. सामी म्हणजे रेनडिअर मागे हिंडणारे लोक, हे तुम्ही दोघांनी धरूनच चाललाय. दहातला जेमतेम एक सामी या धंद्यात आहे. बाकीचे मासेमारी करतात, नर्स आहेत, शिक्षक आहेत, इंजिनिअर आहेत. किनाऱ्यावरचे सामी तर शतकानुशतकं मासे आणि चार जनावरं यांवर जगले. 1880 पासून नॉर्वेच्या शाळांत सामी भाषेची गळचेपी झाली. 1902 चा कायदा असा की सरकारी जमीन विकत घ्यायची तर नॉर्वेजियन बोलता-लिहिता आलं पाहिजे. मग किनाऱ्यावरच्या घरांनी गपचूप सामीपण टाकून दिलं. माझ्या ऑफिसातली एक बाई सांगते, आजी सामी होती हे तिला विशीत कळलं. आजी फोनवर बहिणीशी कुठल्यातरी ‘वेगळ्या’ भाषेत बोलायची आणि कोणी खोलीत आलं की गप्प व्हायची.

या बाईला तुमच्या सिनेमात कुठे बसवायचं? नाव ‘सामी’ ठेवलं असतं तरी ती त्यात नसतीच. उलट ‘खरा सामी तोच, ज्याच्याकडे रेनडिअर’ हे आणखी घट्ट झालं असतं.

तरीही डबिंगबद्दल एक सांगतो. तिच्या भाच्याने एल्साला आपल्या भाषेत बोलताना ऐकलं. घरी येऊन तो आईला म्हणाला, एल्साला सामी येतं! हे सांगताना ती बाई रडली. ज्या भाषेसाठी तिची आजी गप्प व्हायची, ती भाषा आता राजकन्या बोलत होती. मी त्या दिवसापासून त्या सिनेमाला नावं ठेवायचं बंद केलं.

वाघर:

मी धनगर आहे. माण तालुका. आमचा वाडा, म्हणजे मेंढ्यांसकट फिरणारा तळ, माझ्या लहानपणापर्यंत दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जायचा आणि पावसाच्या आधी परत यायचा. आता चुलत्यांचाच जातो.

ताई, तुम्ही म्हणता खरं नाव हवं. आमचं खरं नाव घेतात की सिनेमात. घोंगडी, पिवळा फेटा, खांद्यावर काठी, आणि डोक्याने भोळा. आमच्या शाळेच्या संमेलनात धनगरी नाच बसवला तेव्हा सरांनी मलाच पुढे उभं केलं, कारण मी ‘खरा’. मला तो नाच, गजा, येत नव्हता. नाव बरोबर होतं, बाकी सगळं चूक. त्यामुळे नाव मिळालं की मान मिळतो, हे मला पटत नाही. मी कोकणकडा यांच्या बाजूने आहे.

दुसरं. त्या सल्लागार गटाचं नाव काय होतं ते मी शोधलं: वेर्द्देत. ‘वेर्द्दे’ म्हणजे फिरता रेनडिअरवाला आणि एका जागी राहणारा गाववाला यांच्यातलं पिढीजात नातं. एक मांस-कातडं देतो, दुसरा मासे, निवारा, लागेल ती मदत. कोणी कोणाचा चाकर नाही. वाचून मी थांबलोच. आमच्यात शेतकऱ्याच्या रानात मेंढ्या बसवतात. रात्री वाघर लावायची, मेंढ्या आत, लेंड्या-मुताचं खत रानाला. बदल्यात शेतकरी धान्य देतो, आता पैसेही देतात. माझ्या आज्जाची कोकणात ठरलेली घरं होती. एका घरातल्या म्हातारीने माझ्या आत्याचं बाळंतपण केलं. रानात पाल होतं, पाऊस अवेळी आला, ती म्हातारी कंदील घेऊन आली आणि आत्याला घरात घेऊन गेली. त्या नात्याला आमच्यात वेगळा शब्दच नाही, फक्त ‘आपलं घर’ म्हणायचं. सामींनी त्याला शब्द दिला आणि डिस्नेसमोर बसताना तोच शब्द नाव म्हणून लावला. म्हणजे, आम्ही तुमचे नोकर नाही, तुम्ही आमचे मालक नाही, देणं-घेणं बरोबरीचं. ही माणसं नाइलाजाने सही करणारी वाटत नाहीत मला.

तळ्याकाठी:

वाघरदादा, संमेलनाचं वाचून वाईट वाटलं. आणि ‘वेर्द्देत’चा अर्थ कळल्यावर माझं ‘पदरात पाडून घेतलं’ हे वाक्य मागे घेते. चुकलंच माझं.

पण सरांचा दोष मी नावाला लावणार नाही. सरांनी तुमच्याबद्दल काही वाचलंच नव्हतं. नाव असलं की निदान शोधायला धागा हाती राहतो. तुम्ही ‘धनगर’ म्हणालात म्हणून मी आज संध्याकाळी वाघर म्हणजे जाळी हे शोधून काढलं. ‘नॉर्थुल्ड्रा’ शोधलं तर डिस्नेच सापडतं.

कोकणकडा:

हा मुद्दा बिनतोड आहे. तरी देवघराबद्दल मी मागे हटत नाही. धागा हवा तर आईबापांनी द्यावा, बाईंनी द्यावा. पावणेदोन तासांच्या गोष्टीवर सगळ्या लोकांचा इतिहास लादला की ती गोष्टही राहत नाही आणि इतिहासही. गोष्टीने फक्त विचारायला लावावं. तुमच्या लेकीने विचारलंच की, रेनडिअर कोणाची म्हणून.

ध्रुवतारा:

तिच्या त्या प्रश्नाचं उत्तर कोणीच दिलं नाही, म्हणून मी देतो. तिला सांगा, कान बघायचे.

उन्हाळ्यात पाडसं आईमागे असताना फास टाकून पकडतात आणि चाकूने दोन्ही कानांना खाचा पाडतात. प्रत्येक मालकाची खूण वेगळी. ती नोंदवलेली असते. एका कुटुंबातल्या खुणा एकमेकींसारख्या, एखाद्या खाचेचा फरक. लहान पोरांचीही स्वतःची खूण असते, म्हणजे तिच्या वयाच्या मुलीचीही स्वतःची रेनडिअर असू शकतात. कापलेला कानाचा तुकडा टाकत नाहीत. खिशात ठेवतात आणि संध्याकाळी मोजतात, तेवढी पाडसं झाली.

फक्त एक शिकवून ठेवा. किती रेनडिअर आहेत, हे कोणाला विचारायचं नाही. पगार विचारल्यासारखं होतं ते.

वाघर:

आमच्यात पण मेंढरं किती ते विचारत नाहीत. आज्जा म्हणायचा, ‘देवाला ठाऊक.’ ताई, चित्रातल्या रेनडिअरच्या कानांना खाचा काढायला सांगा तिला.