पुरुषांसाठीच्या ‘संरक्षक’ जेलची चाचणी म्हणजे नेमकी कशाची चाचणी?

प्रश्न – सदाशिवपेठी
टिळक रस्त्यावरच्या एका औषधांच्या दुकानात पुरुषांनी संबंधापूर्वी लावायचे जेल दिसले. खोक्यावर ‘प्रयोगशाळेत तपासलेले, ९९.९ टक्के जंतूंचा नाश’ असे छापले होते. कोणता आजार टळतो, हे मात्र कुठेही नव्हते. दुकानदार म्हणाला, “नेतात लोक.” अशा जेलमुळे गर्मी (सिफिलिस), परमा (गोनोरिया) किंवा एचआयव्हीची लागण टळते, असे म्हणण्यासाठी कोणती चाचणी व्हावी लागते आणि तशी ती कधी झाली आहे का?

उत्तर – निवृत्त त्वचारोगतज्ज्ञ, औंध
काचेच्या बशीत जंतू मरतो, म्हणून माणसाला लागण होत नाही, असे नाही. नोनॉक्सिनॉल-९ हे शुक्रजंतुनाशक प्रयोगशाळेत एचआयव्हीला निष्प्रभ करीत असे. परंतु आफ्रिका आणि थायलंडमधील देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांवरील चाचणीचे निष्कर्ष २००० साली डर्बनच्या परिषदेत मांडले गेले, तेव्हा ते वारंवार वापरणाऱ्यांत लागण उलट वाढल्याचे दिसले, कारण त्याने योनीच्या नाजूक अस्तरालाच इजा होत होती.

पुरुषांपुरते बोलायचे, तर १९०६ साली पॅरिसमध्ये मेचनिकॉफ आणि रू या संशोधकांनी पाऱ्याचे कॅलोमेल मलम आधी माकडांवर आणि मग स्वतःहून पुढे आलेल्या एका वैद्यकीय विद्यार्थ्यावर तपासले. गर्मीचे जंतू मुद्दाम टोचूनही त्याला गर्मी झाली नाही. एका माणसावरचा हा पुरावा आज कोणतीही नैतिकता समिती मान्य करणार नाही, तरीही पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना तेच मलम चोळले जात होते!

उत्तर – भोसरीवाला
आपल्या भोसरीतील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत टेनोफोविर या एचआयव्हीविरोधी औषधाच्या जेलच्या सुरक्षिततेची चाचणी झाली होती, पण ती स्त्रियांवर. त्याच औषधाच्या जेलने दक्षिण आफ्रिकेत २०१० साली एचआयव्हीची लागण ३९ टक्क्यांनी घटल्याचे दिसले आणि नंतरच्या मोठ्या चाचण्यांत ते टिकले नाही. त्यांपैकी एकीत बहुतेक जणी जेल नियमित वापरतो असे सांगत होत्या, रक्ततपासणीत मात्र बहुतेकींच्या रक्तात औषध सापडलेच नाही. पुरुषांच्या शिश्नावर डॅपिव्हिरीन या दुसऱ्या एचआयव्हीविरोधी औषधाचे जेल लावून पाहिले गेले ते काही डझन जणांवर, आणि तेही मुख्यतः जळजळ किंवा पुरळ होते का, हे पाहण्यासाठी.

परिणामकारकता ठरवायला हजारो माणसे लागतात, कारण औषधाचे जेल आणि बिनऔषधाचे जेल वापरणाऱ्या दोन्ही गटांना निरोध आणि समुपदेशन द्यावेच लागते, त्यामुळे लागण मुळातच कमी होते आणि फरक दिसायला संख्या मोठी लागते. शिवाय परमा आणि क्लॅमिडिया या लैंगिक आजारांचे जंतू मूत्रमार्गात ठाण मांडतात; कातडीवरचे जेल तिथे पोहोचणार कसे?

उत्तर – वकीलसाहेब, शिवाजीनगर
खोक्यावर आजाराचे नाव का नाही, याचे एक कारण कायद्यात सापडेल. औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ च्या अनुसूचीत गुप्तरोग आहेत, आणि त्यांच्या प्रतिबंधाचा दावा करणारी जाहिरात निषिद्ध आहे. खोक्यावरचे लेबलही जाहिरातीतच मोडते. म्हणून विक्रेते ‘जंतूंचा नाश’ असे मोघम लिहितात आणि बाकीचे ग्राहकाच्या कल्पनेवर सोडतात. चाचणी खरोखर झाली असेल, तर ती भारतीय वैद्यकीय चाचणी नोंदवहीत (सीटीआरआय) शोधा. २००९ पासून नोंदणी सक्तीची आहे. खोक्यावरचा मजकूर आक्षेपार्ह वाटल्यास छायाचित्रासह अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

सदाशिवपेठी
आभार. नोंदवहीत त्या जेलचे नाव सापडले नाही. माझ्या ओळखीच्या एकाने निरोधाऐवजी तेच वापरले आहे. त्याने तपासणी कुठे करावी?

निवृत्त त्वचारोगतज्ज्ञ, औंध
शासकीय रुग्णालयातील सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे लैंगिक आजारांच्या तपासणी केंद्रात. सल्ला आणि तपासणी विनामूल्य असते. संबंध येऊन ७२ तास उलटले नसतील, तर आजच जावे, कारण एचआयव्ही रोखणारी औषधे त्याच मुदतीत सुरू करावी लागतात. जवळचे केंद्र १०९७ या एड्स हेल्पलाइनवर विचारावे.