एसी१२८ चा फझ हातानं बनवून घेतोय: नागपूरच्या उन्हात बायस टिकेल का?

तर्री_टोन

इथल्याच एका छोट्या मेकरला फझची, म्हणजे गिटारचा आवाज जाड-फाटका करणाऱ्या पेडलची, ऑर्डर देतोय. एकटा माणूस, महिन्याला मोजकीच पेडलं, पण ऑर्केस्ट्रावाले आणि कॉलेजच्या बँडमधली पोरं त्याचं नाव आदरानं घेतात. सर्किट जुन्या फझ फेस या पेडलचं, दोन एसी१२८ जर्मेनियम ट्रान्झिस्टर. त्यानं दोन गोष्टी विचारल्या: बायसचा (ट्रान्झिस्टरचं व्होल्टेज जुळवायचा) पॉट, म्हणजे फिरवायचं बटण, डब्याबाहेर काढायचा का, आणि एप्रिल-मेमध्ये पेडल कुठे वाजणार? दुसऱ्या प्रश्नाचा पेडलशी काय संबंध? शिवाय माझ्या बाकीच्या पेडलांना एकाच अडॅप्टरवरून माळेनं करंट जातो, त्यातच हे जोडलं तर चालेल ना?

सोल्डर_६३_३७

उन्हाळ्याचं विचारणारा मेकर भेटला तर ऑर्डर देऊन टाका. अर्धं काम त्या प्रश्नातच झालं.

ट्रान्झिस्टरचे पाय तीन: एमिटर, बेस, कलेक्टर. जर्मेनियममध्ये बेसला काहीच न देताही थोडा करंट झिरपतो. ही गळती दर ८ ते १० अंशांना साधारण दुप्पट होते. एसीच्या खोलीत २५ अंशांवर १०० मायक्रोअँप गळणारा नग मे महिन्यात ४५ अंशांवर चारशेच्या घरात जातो. फझ फेसमध्ये पहिल्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला ३३ के (किलोओहम) चा रझिस्टर असतो, त्यातून एरवी वाहतोच जेमतेम पाव मिलिअँप. त्यापुढे ही गळती काही किरकोळ नाही. दुसऱ्याच्या कलेक्टरवर जे ४.५ व्होल्ट (एसी१२८ सारखा पीएनपी, म्हणजे उलट ध्रुवांवर चालणारा, असेल तर उणे) असायला हवेत ते ढळतात, मग नोट विझताना फाटते, तुटक वाजते, कधी आवाजच बसतो. पेडल बिघडलेलं नसतं, तापलेलं असतं.

म्हणून चांगला मेकर नग निवडून लावतो. निवडायची रीत अशी: ९ व्होल्टची बॅटरी, एमिटर धनाला, कलेक्टर २.२ के आणि २७० ओहम एकामागे एक लावून (मिळून २.४७ के) ऋणाला. बेस मोकळा ठेवून त्या २.४७ के वरचे व्होल्ट मोजा. ०.२५ व्होल्ट म्हणजे १०० मायक्रोअँप गळती. आता बेस २.२ मेगमधून ऋणाला जोडा. समजा आकडा १.०५ झाला. फरक ०.८०, त्याला शंभरनं गुणा, खरा गेन (करंट किती पट होतो तो आकडा) ८०. साध्या मल्टिमीटरचं एचएफई खातं गळतीलाही गेनमध्येच धरतं, म्हणून तिथे हाच नग ८० च्या वरचा दिसेल आणि फसवेल. मोजताना ट्रान्झिस्टर चिमटीत धरून ठेवू नका. बोटाच्या उबेनं आकडा चढतो, तो खाली येईपर्यंत दोन मिनिटं थांबावं लागतं.

पहिल्याचा गेन ७० ते ८०, दुसऱ्याचा १०० ते १३०, आणि दोघांचीही गळती जमेल तितकी कमी, अशी जोडी मागा. मूठभर जुन्या एसी१२८ मधून अशा जोड्या थोड्याच निघतात. या मेकरांचं कौतुक होतं ते या वेचणीचं. सर्किट तर कोणालाही मिळतं.

पॉट बाहेरच काढून घ्या. दुसऱ्याच्या कलेक्टरवरच्या ८.२ के च्या जागी ३.३ के आणि त्याला जोडून १० के चा पॉट. संध्याकाळी साउंडचेकला फिरवायचा, रात्री अकराला हवा निवली की परत थोडा फिरवायचा. आतला ट्रिमपॉट असेल तर मंचावर स्क्रू खोलत बसाल.

धंतोली_बेस

माळेचं उत्तर: नाही. पेडल जळेल असं नाही, पण अडॅप्टर शॉर्ट होईल.

पीएनपी फझमध्ये धन टोक ग्राउंडला असतं, तुमच्या बाकीच्या पेडलांत ऋण. दोन्ही एकाच अडॅप्टरवर घेतले की पॅच केबलच्या जाळीतून धन आणि ऋण थेट भिडतात. मार्ग तीन: बॅटरी, प्रत्येक आउटपुट वेगळं असलेला पॉवर सप्लाय, नाहीतर डब्यातच व्होल्टेज उलटं करणारी चिप.

चिप लावणार असेल तर नंबर विचारा. साधी ७६६० सुमारे १० किलोहर्ट्झवर चालते, तो बारीक किऽऽ फझमधून मोठा होऊन ॲम्पमध्ये ऐकू येतो. ७६६०एस किंवा मॅक्स१०४४ असेल तर पाय १ पाय ८ ला जोडला की फ्रिक्वेन्सी कानाच्या वर जाते. साध्या ७६६० ला ती सोय नाही, पाय १ नुसताच असतो. आणि मॅक्स१०४४ ला १० व्होल्टच्या वर नेऊ नका. बाजारातला ट्रान्सफॉर्मरवाला स्वस्त अडॅप्टर, वर ९ लिहिलेला, लोड नसताना १२-१३ व्होल्ट दाखवतो. बहुतेक चिपा अशाच मरतात, अन् लोक मेकरला बोल लावून राहिले.

डायोडचंही पाहून घ्या. १एन५८१७ सप्लायच्या वाटेत असेल तर उलटा अडॅप्टर लागला तरी काही होत नाही, ०.३ व्होल्टच्या आसपास जातात तेवढेच. १एन४००१ आडवा लावलेला असेल तर तो स्वतः जळतो आणि कधीकधी बोर्डावरची तांब्याची पट्टीही नेतो.

खरखर_बंद

एवढा खटाटोप काहून, भाऊ? बीसी१०९ हा सिलिकॉन ट्रान्झिस्टर लावा. सिलिकॉनची गळती मोजण्यासारखी नसते. बेसचं व्होल्टेज अंशाला २ मिलिव्होल्ट सरकतं, म्हणजे २० अंशांत ४०. फझ फेसला ते जाणवतही नाही. एनपीएन (पीएनपीच्या उलट) असल्यानं ग्राउंडही ऋण, माळेचा प्रश्नच मिटला.

आवाज थोडा कर्कश होतो, मान्य. गिटारचा व्हॉल्यूम कमी केल्यावर जर्मेनियम जसा स्वच्छ होतो तसा हा होत नाही. गेन शेकड्यांत असल्यामुळे आकाशवाणीही ऐकू येते, त्यासाठी कलेक्टर-बेसमध्ये १०० पिकोफॅरड टाकायला सांगा.

सोल्डर_६३_३७

सिलिकॉन टिकाऊ आहे यात वाद नाही. पण तो व्हॉल्यूमनं स्वच्छ होणारा आवाज हवा म्हणूनच लोक जर्मेनियम मागतात. मधला मार्ग आहे: पहिला सिलिकॉन, दुसरा जर्मेनियम. पहिल्याची गळती गेली की उन्हाचा बराचसा त्रास जातो. फक्त दोघेही एकाच जातीचे हवेत, एसी१२८ सोबत पीएनपी सिलिकॉनच. बीसी१०९ तिथे बसणार नाही.

तर्री_टोन

मग दोन एसी१२८ आणि बाहेर पॉट, बॅटरीवर. डिलिव्हरी घेताना काय तपासू? घरी गुणगुण बरीच येते, ती पेडलमुळे की आणखी कशामुळे, हे कसं ओळखायचं?

धंतोली_बेस

आधी कूलर आणि पंख्याचा रेग्युलेटर बंद करा. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर लाटेचा तुकडा कापतो, त्याची खरखर सिंगल कॉइल पिकअप थेट ओढून घेतो. रेग्युलेटर पूर्ण फुल केल्यावर खरखर गेली तर पेडल निर्दोष. गिटार हातात धरून जागेवर फिरलात आणि आवाज कमीजास्त झाला, तरी दोष पिकअपचा. गुणगुण घालवायला ॲम्पच्या प्लगची अर्थची पिन मात्र कापू नका, त्यात जीव जातो.

कूलरच्या समोर पेडलबोर्ड ठेवायचा नाही हे वेगळं सांगायला नको. ओल्या हवेनं जॅकच्या पत्त्या आणि पॉट दोन हंगामांत खरखरायला लागतात.

सोल्डर_६३_३७

झाकण उघडायला सांगा. राग धरणारा मेकर असेल तर तिथेच समजून घ्या.

जॅकच्या पत्त्या पाहा. केबल खुपसल्यावर पत्ती वाकून झाकणाला किंवा डब्याच्या भिंतीला टेकते. उघडं असताना वाजतं, बंद केलं की मुकं होतं, ते यामुळे. पॉटची पाठ बोर्डाला टेकत असेल तर मधे इन्सुलेशन हवं. फुटस्विचच्या नऊ पायांवर सोल्डर चकचकीत असावं, पण गरजेपेक्षा जास्त वेळ तापवलेल्या स्विचचं आतलं प्लास्टिक वितळतं आणि तो सहा महिन्यांनी अडकायला लागतो. हे बाहेरून दिसत नाही. पन्नासेक वेळा दाबून पाहा, दर वेळी सारखाच खटका हवा. चालू-बंद करताना ठप्प आवाज आला तर इनपुटवर १ मेगचा रझिस्टर राहिलाय, पाच मिनिटांचं काम आहे.

ट्रान्झिस्टर सॉकेटमध्ये बसवलेत का तेही विचारा. सॉकेट असेल तर पुढच्या वर्षी जोडी बदलता येते, झाळताना जर्मेनियम तापत नाही.

बॅटरीवर चालवणार असाल तर इनपुट जॅक स्टिरिओ असतो, केबल लागली की बॅटरीचं धन टोक ग्राउंडला जोडलं जातं. वाजवून झालं की केबल काढा, नाहीतर बॅटरी रात्रभर चालूच. आणि सगळ्यांत आधी फझ, मग बाकीचं. बफर (सिग्नलला ताकद देणारं सर्किट) असलेलं पेडल त्याच्या आधी आलं की आवाज पातळ, चिरका होतो, मग सगळे मेकरलाच फोन करतात.

शेवटची तपासणी मेकरकडे एसी असेल तर बाहेर ओट्यावर करा. पेडल अर्धा तास सावलीत ठेवा, उन्हात किंवा गाडीच्या डिकीत नाही. मग दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर मल्टिमीटर लावून पॉट फिरवा. उणे ४.५ च्या दोन्ही बाजूंना पुरेशी जागा मिळायला हवी. पॉट एका टोकाला टेकूनच ४.५ येत असेल तर ३.३ के बदलून घ्या, मे अजून यायचाय.