स्थापत्य, यंत्र की विद्युत: मुलीने कोणती शाखा घ्यावी?

एक पालक, सांगली:
नमस्कार. माझ्या मुलीला प्रवेश फेरीत स्थापत्य, यंत्र आणि विद्युत या तिन्ही शाखा मिळण्याजोगे गुण आहेत. तिचा ओढा स्थापत्याकडे आहे, पण नातेवाईक म्हणतात की मुलीने साइटवर उन्हातान्हात उभे राहू नये. पदवीनंतर या शाखांत प्रत्यक्ष काय काम करावे लागते, हे अनुभवी मंडळींनी सांगितल्यास आभारी राहीन.

स्थापत्य अभियंता, नाशिक:
ताई, मी स्वतः स्त्री असून १४ वर्षे याच क्षेत्रात आहे, म्हणून आधी उन्हाचेच सांगते. पहिली ३ वर्षे मी साइटवर काढली. काँक्रीटची गाडी आली की ३०० मिलिमीटर उंचीच्या शंकूत थराथराने माल भरायचा, प्रत्येक थर सळईने २५ वेळा ठोसायचा, मग शंकू अलगद वर उचलून माल किती खाली बसला ते मोजायचे, हे काम माझ्याकडे होते. एकदा माल फारच पातळ निघाला म्हणून मी अख्खी गाडी परत पाठवली. मुकादम चिडला, पण त्यानंतर माझ्या सहीशिवाय ओतकाम सुरू झाले नाही. आज मी पुलांच्या संकल्पनाचे (डिझाइनचे) काम करते आणि बहुतेक दिवस कार्यालयातच असते. मात्र कागदावर सळ्या दाखवताना त्यांच्या दाटीतून काँक्रीट खाली उतरेल का, हे मला साइटमुळेच कळते.

यंत्र अभियंता, भोसरी:
आमच्याकडे ऊन नाही, पण पाळ्या आहेत. उत्पादन, गुणवत्ता किंवा देखभाल विभागात सुरुवात होते आणि रात्रपाळी चुकत नाही. टूल डिझाइनकडे, म्हणजे उत्पादनाची साधने आखण्याच्या कामाकडे वळायचे असेल, तर आधी शॉपफ्लोअरवर, म्हणजे कारखान्यात यंत्रांजवळ, दोन वर्षे काढावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

निवृत्त विद्युत अभियंता, नागपूर:
सरकारी नोकरीचा विचार असेल, तर केंद्राची अभियांत्रिकी सेवा परीक्षा स्थापत्य, यंत्र, विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक्स-दूरसंचार या चारच गटांत होते, म्हणजे तिन्ही शाखांना ती वाट खुली आहे. गेट या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या राष्ट्रीय परीक्षेचे गुण ३ वर्षे ग्राह्य धरले जातात आणि काही सार्वजनिक कंपन्या त्यांवर भरती करतात. तयारीत मात्र वर्षे जातात, तेव्हा सोबत नोकरी असलेली बरी.

एक पालक, सांगली:
मनापासून आभार. मुलीला सगळे वाचून दाखवले. अर्जात पहिला पसंतीक्रम स्थापत्याचा भरत आहोत.