सल्ला हवा: सेन्सरच्या कर्नल ड्रायव्हरची माहिती कुठे वाचायची, तो चालू कसा करायचा? (रास्पबेरी पाय, बीएमई२८०)

निफाडकर

नमस्कार मंडळी,

आमची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. गोडी छाटणीच्या (फळांसाठीच्या छाटणीच्या) आधी बागेत तापमान आणि आर्द्रता नोंदवायची सोय करून ठेवायची आहे. छाटणीनंतर ढगाळ, दमट हवा लांबली की डावणी या बुरशीच्या रोगाची धास्ती असते. फवारणी कधी घ्यायची हे शेजारच्या गावच्या हवामानावरून ठरवण्यापेक्षा आपल्याच बागेचे आकडे हाताशी असावेत, एवढीच इच्छा.

घरी रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक आहे, त्यावर बुकवर्म आवृत्तीची लिनक्स ओएस. कर्नल, म्हणजे ओएसचा गाभा, ६.१ मालिकेतलं. सेन्सर बॉशचा बीएमई२८०, आयटूसीच्या (छोट्या चिपा जोडायच्या पद्धतीच्या) चार तारांनी जोडलेला. इंटरनेटवर सापडतं ते बहुतेक पायथन लायब्ररीचं. पण लिनक्स कर्नलमध्येच या सेन्सरचा ड्रायव्हर (चिपशी बोलणारा कोड) आहे असं वाचलं आणि मला तोच वापरायचा आहे. उद्या आकडे वाचणारा प्रोग्रॅम बदलला तरी खालची जोडणी तशीच राहील.

अडचण माहितीची आहे. कर्नलचा सोर्स उतरवून घेतला, पण त्यात बीएमई२८० नावाची फाइलच नाही. मग ड्रायव्हर आहे कुठे? तो चालू करायला कर्नल नव्याने कंपाइल करावं लागेल का? आणि या सगळ्याचं भरवशाचं डॉक्युमेंटेशन कुठलं? ब्लॉग बरेच वाचले, प्रत्येकाचं वेगळंच.

खटपट्या

निफाडकर, पायथनने माझ्या गच्चीवरचं स्टेशन व्यवस्थित चालतं. लायब्ररी टाका, आठ-दहा ओळी लिहा, संध्याकाळपर्यंत आकडे यायला लागतील. छाटणी तोंडावर आली असेल तर हाच रस्ता घ्या असं माझं मत. कर्नलचं सावकाश शिकता येईल.

एक मात्र सांगतो, दोन्ही एकदम करू नका. कर्नलच्या ड्रायव्हरने सेन्सरचा पत्ता धरला की बहुतेक लायब्रऱ्यांना "डिव्हाइस बिझी" एवढंच उत्तर मिळतं, आणि माणूस तारा तपासत बसतो.

मुळाकाठची

खटपट्यांचा रस्ता चुकीचा नाही, पण निफाडकरांनी मागितलाय तो जास्त टिकाऊ आहे. माझं रोजचं काम अशाच छोट्या बोर्डांवरच्या ड्रायव्हरांचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, कर्नल कंपाइल करायची गरज नाही. रास्पबेरी पायच्या कर्नलमध्ये हा ड्रायव्हर मॉड्यूल (गरज पडली की कर्नलला जोडला जाणारा तुकडा) म्हणून आधीच बांधलेला असतो. खात्री करायची तर "सुडो मोडप्रोब कॉन्फिग्स" द्या. मग /प्रॉक फोल्डरात कॉन्फिग.जीझेड ही फाइल दिसेल. झेडकॅटने उघडून त्यात बीएमपी२८० शोधा. पुढे "एम" असेल तर मॉड्यूल आहे, "वाय" असेल तर कर्नलच्या पोटातच आहे.

बीएमपी२८० लिहिलंय, बीएमई नाही. तुम्हाला फाइल सापडली नाही ती इथेच. कर्नलमध्ये एका घराण्याच्या चिपांना एकच ड्रायव्हर असतो आणि फाइलचं नाव त्यातल्या एखाद्या जुन्या चिपवरून पडलेलं असतं. नवी चिप आली की कोड वाढतो, फाइलचं नाव तेच राहतं. तुमचा ड्रायव्हर "ड्रायव्हर्स / आयआयओ / प्रेशर" या फोल्डरात बीएमपी२८० नावाने आहे. त्याच्या डिव्हाइस ट्रीचं (ते काय, पुढे सांगते) वर्णन तर त्याहून जुन्या चिपच्या नावाने आहे: बीएमपी०८५.वायएएमएल. म्हणून फाइलच्या नावावर कधी विसंबू नका. सोर्सच्या आत "बॉश,बीएमई२८०" हा मजकूर ग्रेपने शोधा. ड्रायव्हर आणि त्याचं वर्णन, दोन्ही हाती लागतात.

आता काय वाचायचं. मी वाचते तो क्रम सांगते.

आधी त्या फोल्डरातली केकॉन्फिग फाइल, कर्नलचे पर्याय जिच्यात लिहिलेले असतात ती. मेनूकॉन्फिगमध्ये, म्हणजे कर्नल बांधताना पर्याय निवडायच्या मेनूत, पर्यायावर उभं राहून "हेल्प" दाबलं की दिसतो तो मजकूर तिच्यातलाच. बीएमपी२८० च्या नोंदीत स्पष्ट लिहिलंय की बीएमई२८० सुद्धा चालतो, आर्द्रतेच्या जादा चॅनेलसह. मॉड्यूलचं नाव काय असेल, आयटूसीसाठी वेगळा भाग कुठला, हेही तिथेच कळतं. चार ओळींचा मजकूर असतो, पण ड्रायव्हर लिहिणाऱ्यानेच लिहिलेला.

मग "डॉक्युमेंटेशन / डिव्हाइसट्री / बाइंडिंग्ज". बोर्डावर कोणती चिप कुठल्या पत्त्यावर बसली आहे हे कर्नलला सांगायची भाषा म्हणजे डिव्हाइस ट्री, आणि त्या भाषेत या चिपबद्दल काय लिहिता येतं ते बाइंडिंगमध्ये असतं. पीसीआय किंवा यूएसबीचं उपकरण स्वतःची ओळख स्वतः सांगतं. आयटूसीवरची चिप तशी सांगत नाही, म्हणून हे लिहावं लागतं.

तिसरं "डॉक्युमेंटेशन / एबीआय". याच्याकडे फार कमी लोक वळतात आणि तुमच्या कामाला हेच सगळ्यात उपयोगी आहे. ड्रायव्हर चालू झाल्यावर सिसएफएसमध्ये (/सिस फोल्डरात) ज्या फाइली दिसतात त्यांचा अर्थ आणि एकक इथे दिलेलं असतं. आयआयओच्या (कर्नलमधल्या सेन्सर विभागाच्या) सेन्सरसाठी "सिसएफएस-बस-आयआयओ" ही फाइल बघा. तापमान मिलिअंश सेल्सिअसमध्ये येतं, आर्द्रता मिलिटक्क्यात, दाब किलोपास्कलमध्ये. म्हणजे २७४५० हा आकडा आला तर ते २७.४५ अंश. ब्लॉगवाल्यांचं "प्रत्येकाचं वेगळंच" होतं ते बहुधा हे एकक न वाचता भागाकार केल्यामुळे.

पायवर चालू करायचं तर /बूट/फर्मवेअर/कॉन्फिग.टीएक्सटी मध्ये दोन ओळी लागतात. एक "डीटीपॅरम=आयटूसी_आर्म=ऑन" आणि दुसरी "डीटीओव्हरले=आयटूसी-सेन्सर,बीएमई२८०". पत्ता न दिल्यास हेक्स ७६ धरला जातो. तुमचा सेन्सर ७७ वर असेल तर पुढे "एडीडीआर" जोडून तो द्यायचा. या ओव्हरलेचं (डिव्हाइस ट्रीला जोडायच्या तुकड्याचं) सगळं डॉक्युमेंटेशन तुमच्या पायवरच आहे: "डीटीओव्हरले -एच आयटूसी-सेन्सर" द्या, पान उघडतं. इंटरनेट लागत नाही.

दर्यावर्दी

वरच्या प्रतिसादाला एक जोड. डॉक्युमेंटेशन वाचा ते तुमच्याच कर्नलच्या आवृत्तीचं. कर्नलच्या अधिकृत डॉक्सच्या साइटवर उघडतं ते सगळ्यात ताज्या कर्नलचं असतं. तुम्ही ६.१ वर आहात, म्हणजे नवीन पानात लिहिलेली एखादी सोय तुमच्याकडे नसेलच. आवृत्तीप्रमाणे वेगळी पानं कर्नल.ऑर्गवर आहेत. कोड वाचायचा तर बूटलिनची एलिक्सर साइट उत्तम, डाव्या बाजूला आवृत्ती निवडता येते.

आणि ड्रायव्हर शिकायला म्हणून सगळे जण सुचवतात ते "लिनक्स डिव्हाइस ड्रायव्हर्स" हे मोठं इंग्रजी पुस्तक आत्ता घेऊ नका. त्याची तिसरी आवृत्ती २००५ ची, कर्नल २.६.१० वर बेतलेली. डिव्हाइस ट्रीचा आजचा कारभार त्यात नाही. कर्नलच्या आतली फंक्शनं बदलत राहतात आणि ती तशीच राहतील अशी हमी कर्नलवाले मुद्दाम देत नाहीत. बाहेर दिसणाऱ्या फाइलींचं मात्र ते फार जपतात, म्हणून एबीआयचा फोल्डर भरवशाचा.

मजकूर सगळा इंग्रजीत आहे. चिनी, जपानी, कोरियन, इटालियन, स्पॅनिश भाषांतरं कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये आहेत, मराठी नाही. कुणी केकॉन्फिगच्या हेल्पपासून सुरुवात करणार असेल तर मी सोबत बसायला तयार आहे.

निफाडकर

सगळ्यांचे मनापासून आभार. फाइल सापडली, केकॉन्फिगची हेल्प वाचली, समजली. दोन्ही ओळी टाकून रीबूट केलं.

"आयटूसीडिटेक्ट -वाय १" ने दाखवलेल्या जोडलेल्या चिपांच्या पत्त्यांच्या तक्त्यात ७६ दिसतो, म्हणजे तारा ठीक असाव्यात. पण सिसएफएसमध्ये आयआयओचं काहीच उगवलं नाही. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या यादीत) बीएमपी२८० च्या नावाने तीन ओळी आहेत. दोनांत म्हटलंय की व्हीडीडीडी आणि व्हीडीडीए सप्लाय सापडला नाही, डमी रेग्युलेटर वापरतोय. तिसरी "बॅड चिप आयडी: एक्स्पेक्टेड ६० गॉट ५८". वीजपुरवठा कमी पडतोय का? वेगळा ॲडॅप्टर घ्यावा लागेल?

मुळाकाठची

ॲडॅप्टर घेऊ नका. पहिल्या दोन ओळींनी पुष्कळ जण घाबरतात, पण त्यांचा विजेच्या जोराशी संबंध नाही. बाइंडिंगमध्ये या चिपला दोन सप्लाय सांगितलेले आहेत. ओव्हरलेमध्ये ते लिहिलेले नसतात, म्हणून कर्नल "वीज कायम चालू आहे असं धरतो" म्हणून पुढे जातं. तुमच्या सेन्सरला ३.३ व्होल्ट थेट पिनेवरून मिळतात, तेव्हा ते खरंही आहे.

खरी गोष्ट तिसऱ्या ओळीत आहे. ड्रायव्हर सुरुवातीला चिपच्या हेक्स डी० या रजिस्टरमधून तिचा ओळख क्रमांक वाचतो. बीएमई२८० चा क्रमांक ६०, बीएमपी२८० चा ५८. तुम्ही ओव्हरलेमध्ये बीएमई सांगितलंत, चिपने ५८ दिला, आणि ड्रायव्हर तिथेच थांबला. म्हणून तक्त्यातही ७६ हा आकडाच राहिला. ड्रायव्हरने पत्ता ताब्यात घेतला असता तर त्या जागी "यूयू" दिसलं असतं.

थोडक्यात, तुमच्याकडे आलेली चिप बीएमपी२८० आहे. ती दाब आणि तापमान मोजते, आर्द्रता मोजतच नाही. असे सेन्सर बीएमई म्हणून सर्रास विकले जातात. डोळ्यांनीही ओळखता येतं: बीएमईचा डबा चौकोनी, अडीच बाय अडीच मिलिमीटर. बीएमपी किंचित लांबट, दोन बाय अडीच.

दर्यावर्दींनी आवृत्तीचं सांगितलं ते इथे थेट लागू पडतं. तुमच्या ६.१ मध्ये क्रमांक जुळला नाही की ड्रायव्हर थांबतो. पुढच्या कर्नलमध्ये हे बदललं: तिथे तो इशारा देतो आणि पुढे जातो. तुम्ही नव्या कर्नलवर असता तर आर्द्रतेची फाइल दिसली असती आणि तिच्यातल्या आकड्यावर तुम्ही फवारणी ठरवली असती. म्हणून कर्नल कुठलंही असो, नवा सेन्सर बसवल्यावर डीमेसेज एकदा वाचाच.

खटपट्या

हे फार मोलाचं निघालं. आत्ताच माझ्या गच्चीवरच्या सेन्सरचं डी० रजिस्टर वाचून पाहिलं, ६० आहे. निफाडकर, विकणाऱ्याला डीमेसेजची ती ओळ पाठवा आणि बदलून मागा.

निफाडकर

बदलून मिळाला. आता तक्त्यात "यूयू" आहे आणि फाइली आल्या! इन_टेम्प_इनपुट २६८४०, इन_ह्युमिडिटीरिलेटिव्ह_इनपुट ७८३१२, दाब ९४.२ च्या आसपास. बातम्यांत दाब हजाराच्या वर सांगतात, मग हा कमी का?

शेवटचे दोन प्रश्न. फाइली "आयआयओ:डिव्हाइस०" मध्ये आहेत, स्क्रिप्टमध्ये हाच मार्ग लिहू का? आणि पुढे स्वतःचं छोटं कर्नल बांधून बघायचं आहे, त्यासाठी लोकलमॉडकॉन्फिग सोपं पडतं म्हणतात, खरं का?

मुळाकाठची

दाब बरोबर आहे. ९४.२ किलोपास्कल म्हणजे ९४२ हेक्टोपास्कल. तुम्ही समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे-सहाशे मीटर उंचीवर आहात, तिथे एवढाच असतो. बातम्यांतला आकडा समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो. १०१३ दिसला असता तर मी सेन्सरवर संशय घेतला असता.

डिव्हाइस० लिहू नका. उद्या दुसरा सेन्सर लावलात की क्रमांक अदलाबदल होऊ शकतात. प्रत्येक डिव्हाइसच्या फोल्डरात "नेम" नावाची फाइल असते. स्क्रिप्टने सगळे फोल्डर पाहून ज्याच्या "नेम" मध्ये बीएमई२८० लिहिलंय तोच घ्यावा. त्याच फोल्डरात ओव्हरसॅम्पलिंगच्याही (एका नोंदीसाठी किती वेळा मोजायचं त्याच्या) फाइली आहेत. नावाच्या शेवटी "अव्हेलेबल" असलेलीत चालणारे आकडे मिळतात: १, २, ४, ८, १६. बागेच्या नोंदीसाठी आहे तेच राहू द्या.

लोकलमॉडकॉन्फिग सोपं आहे, पण ते त्या क्षणी लोड झालेलीच मॉड्यूलं ठेवतं आणि बाकीची बंद करतं. म्हणून आधी सेन्सर जोडा, यूएसबी डोंगल, पेनड्राइव्ह, बागेत लागणारं सगळं एकदा लावा, एलएसमॉडच्या (लोड झालेल्या मॉड्यूलांच्या) यादीत बीएमपी२८०_आयटूसी दिसतंय याची खात्री करा आणि मगच ती आज्ञा द्या. नंतर मेनूकॉन्फिग उघडून स्लॅश दाबा, बीएमपी२८० शोधा, "एम" टिकलाय का बघा. आणि जुनं कर्नल एसडी कार्डावरून पुसू नका. छाटणीच्या दिवसांत पाय बूट झाला नाही तर कॉन्फिग.टीएक्सटी मधली "कर्नल=" ची एक ओळ बदलून परत जुन्यावर येता येतं.

निफाडकर

"नेम" वाचून फोल्डर शोधणारी स्क्रिप्ट लिहिली, दर दहा मिनिटांनी नोंद पडते आहे. सेन्सरची पेटी वेलीच्या सावलीत, घडांच्या उंचीला टांगली आहे. कर्नल बांधायचं छाटणी झाल्यावर. दर्यावर्दी, केकॉन्फिगच्या हेल्पच्या मराठीकरणाला मी आहे, आयआयओच्या प्रेशर फोल्डरापासून सुरू करू या का?