मेटलर्जीचा प्रोफेसर दिवसभर करतो तरी काय?

कडोलीकर_काका
नमस्कार मंडळी, जरा घरातला प्रश्न आहे. पुतणी पीयूसी सेकंड इयरला, म्हणजे बारावी सायन्सला, अभ्यासात बरी आहे. भाऊ उद्यमबागेत एका फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) मोल्डिंगला, म्हणजे वाळूचे साचे करायला आहे, २२ वर्षं झाली. खंडेनवमीच्या पूजेला ही त्याच्याबरोबर गेली, तिथं कुणी रिटायर्ड प्रोफेसर आलेले, त्यांनी हिच्या हातात फुटलेल्या कास्टिंगचा तुकडा देऊन काय की सांगितलं आणि तेव्हापासून हिचं एकच, मेटलर्जी (धातुशास्त्र) करणार, प्रोफेसर होणार. घरात सगळे म्हणालेत कॉम्प्युटर घे, बेंगळूरला जा, बाप भट्टीपुढं भाजला तेवढं पुरे की. मी मधल्या मध्ये अडकलोय. मेटलर्जीचा प्रोफेसर नेमकं करतो काय ओ? आणि आपल्या बेळगावातनं तिथवर जायचा रस्ता कुठला?

भट्टीवाला
काका, मी क्वालिटीला आहे, एका सरांचं बघितलेलं सांगतो. आमच्याकडं एसजी आयर्नच्या (आत ग्रॅफाइटचे गोल गोळे असलेल्या ओतीव लोखंडाच्या) ब्रॅकेटचं रिजेक्शन एकदम वाढलं, मशीनिंगवाल्याकडनं पीस फुटून परत यायला लागले. मालक म्हणे स्क्रॅप खराब, मेल्टर म्हणे वाळू खराब, वाळूवाला म्हणे मेल्टर झोपतो. शेवटी बाहेरनं सर बोलावले. चहा तसाच ठेवून सर थेट रिजेक्शनच्या ढिगाकडं. एक पीस उचलला आणि फुटलेलं तोंड उन्हात धरून बघत उभे राहिले, दहा मिनिटं तरी. मग तुकडा कापून मलाच पॉलिश पेपरवर घासायला बसवलं. एक पेपर झाला की पुढच्या बारीक पेपरवर तुकडा काटकोनात फिरवून घासायचा, नाहीतर आधीचे ओरखडे गेले की नाहीत कळत नाही, हे मी नोकरीला लागून सहा वर्षांनी शिकलो बघा. शेवटचा हात अल्युमिनाच्या बारीक पावडरीचा. (आपल्या हिंडालकोत बनते तीच अल्युमिना, जुनी माणसं अजून इंडालच म्हणतात.) ग्रॅफाइट बघायला ॲसिडपण लागत नाही, नुसत्या पॉलिशवर दिसतं. मायक्रोस्कोपखाली ग्रॅफाइटचे जे गोल गोळे दिसायला पाहिजेत ते अळ्यांसारखे लांबलेले, म्हणून पीस फुटत होते.
सरांनी एकच विचारलं, मॅग्नेशियम टाकल्यापासून शेवटचा मोल्ड भरेपर्यंत किती मिनिटं जातात? कुणाला पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी स्वतः घड्याळ धरून भट्टीपाशी उभे. क्रेन एकच, लॅडल (वितळलेलं लोखंड ओतायचं भांडं) मोठं, १८ मिनिटं लागत होती. लोखंडात मॅग्नेशियम ०.०३ ते ०.०५ टक्के टिकलं तर गोळे होणार, आणि ते मिनिटामिनिटाला उडून जातं. म्हणजे पहिले मोल्ड चांगले, शेवटचे भंगार. लॅडल लहान केलं, एवढाच उपाय. हे करतो प्रोफेसर. बाकीचा वेळ पेपर तपासत असेल बिचारा.

निपाणीची_आक्का
काका, मी सुरतकलला एनआयटीत मेटलर्जीत पीएचडी करतेय, चौथं वर्ष. रस्ता सांगते. आपल्या भागात मेकॅनिकलची कॉलेजं भरपूर, त्यात मटेरियल सायन्सचा एखादा पेपर असतो तेवढाच, पूर्ण मेटलर्जीसाठी बाहेर पडावं लागतं. एक दार सुरतकल. जेईई मेन द्यायची, निम्म्या सीटा कर्नाटकात बारावी केलेल्यांना, वर मुलींसाठी वाढीव सीटा आहेत. दुसरं दार पुण्याचं सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेज. तिथं मेटलर्जी १९४८ पासून आहे, आणि हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीतच नसतं, ८६५ गावांच्या सीमाभागातल्या शाळा-कॉलेजातून दहावी किंवा बारावी झालेल्या मराठी मातृभाषेच्या मुलांना महाराष्ट्राच्या ॲडमिशनमध्ये ‘टाइप ई’ म्हणून घेतात. एमएचटी-सीईटी द्यायची आणि दाखले जोडायचे. दोन्ही फॉर्म भरायला लावा, भांडणं कोर्टात चालू देत, पोरीला दोन दारं आहेत ना.
पुढं बीटेक ४ वर्षं, मग गेटची परीक्षा, एमटेकला महिना १२,४०० मिळतात. पीएचडीला सुरुवातीला ३७,०००, वर घरभाडं. पाच वर्षं धरा, जास्तच. आयआयटी-एनआयटीत पीएचडीशिवाय उभंपण करत नाहीत. म्हणजे तिशी येते हातात पहिली पक्की नोकरी पडेपर्यंत, आणि तोवर प्रत्येक लग्नात ‘अजून शिकतेच का गं’ ऐकायचं, त्याची तयारी ठेवा म्हणावं. माझ्या आत्यानं तर आता विचारायचंपण सोडलंय.

शहापूरचा_हिशेबी
सगळं गोड गोड चाललंय म्हणून लिहितो. सरकारी स्केलला असिस्टंट प्रोफेसरची सुरुवात बेसिक ५७,७०० आणि प्रोफेसर झाल्यावर १,४४,२००, हे कागदावर. मी एका खाजगी कॉलेजात मटेरियल सायन्स शिकवलंय, पगार तीन तीन महिने तुंबायचा आणि मे महिन्यात ॲडमिशन गोळा करायला गावोगाव पाठवायचे. लॅबमधल्या मायक्रोस्कोपला कुलूप, चावी प्रिन्सिपलकडं, इन्स्पेक्शनच्या दिवशीच निघायची. सोडलं, आता ट्यूशन घेतो, बरं चाललंय. पोरीला म्हणावं हो प्रोफेसर, पण कुठल्या कॉलेजात ते बघून हो.

पिरनवाडी_पॅसेंजर
हिशेबींचं खरं आहे, पण आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम पण प्रोफेसरच होते की. दिल्लीचा लोहस्तंभ १६०० वर्षं उन्हापावसात उभा आहे, सहा टनांच्या वर वजन, लोक म्हणायचे दिल्लीची हवा कोरडी म्हणून गंजत नाही. ह्या माणसानं त्याच्या गंजाच्या थराचाच अभ्यास केला. जुन्या भट्टीत चुनखडी टाकायचे नाहीत म्हणून फॉस्फरस लोखंडातच राहिला, पाव टक्क्याच्या आसपास, आणि त्या फॉस्फरसमुळं गंजाचाच पातळ थर बसून आतल्या लोखंडाचं राखण झालं. आपल्याकडं फॉस्फरस वाढला की हीट (भट्टीतली अख्खी खेप) परत पाठवतात, आणि तिथं त्यानंच खांब वाचवला! २००९ मध्ये गेले, पन्नाशीपण नव्हती.

कडोलीकर_काका
सगळ्यांचे आभार. काल रात्री जेवताना भावाला सगळं वाचून दाखवलं. तो एरवी ह्या विषयावर तोंड उघडत नाही. १८ मिनिटांचं ऐकून भाकरी हातातच राहिली, म्हणाला शेवटचे मोल्ड खराब निघतात हे आम्हा मोल्डरांना कधीपासनं ठाऊक आहे, विचारलं कुणी? पोरगी लगेच वही घेऊन त्याच्या शेजारी बसली, कुठल्या मोल्डपासनं रे बाबा, किती वेळानं. अकरा वाजले तरी दोघांचं चालूच होतं.
आक्का, टाइप ईच्या त्या मातृभाषेच्या दाखल्यासाठी सोमवारी तिच्या कॉलेजात जाऊन येतो. ऑफिसातला क्लार्क कन्नडच बोलतो, नमुन्याचा कागद बरोबर नेलेला बरा ना?