हापूसला वनस्पतींचा लेप लावावा का?

सड्यावरचा (देवगड): गेल्या मे महिन्यात मुंबईला गेलेल्या माझ्या पेट्यांपैकी दोन परत आल्या. उघडल्या तर खालच्या थरातले सात आंबे देठापाशी काळे, पेंढा ओला. झेल्याने, म्हणजे लांब काठीच्या जाळीने, उतरवलेले, देठ ठेवलेला, सालीला चीक लागू दिला नव्हता. आंबा चौदा आणे तयार झाला की, पुरता पिकायच्या आधी काढायचा आणि पोचेपर्यंत देव पाण्यात घालून बसायचं, हे किती वर्षं? वनस्पतीतेलांतल्या मोनो-डायग्लिसराइड या स्निग्ध पदार्थांचा पातळ थर सालीवर बसतो, पाणी कमी उडतं, प्राणवायू कमी शिरतो, फळ सावकाश पिकतं. अमेरिकेत अ‍ॅव्होकॅडोवर हे चालतं. आपण का मागे राहायचं?

अढीवाली (रत्नागिरी): भाऊ, नुकसान कळतं, पण औषध चुकतंय. देठकूज बुरशीने होते आणि ती बागेतूनच फळाबरोबर येते. नुसता लेप तिला मारत नाही. त्याला ५२ अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवणं हा उपाय आहे. आणि लेप जाड बसला तर आत फळाचा जीव घुसमटतो, आंबूस वास येतो. मी अढीत हात घातला की वासावरून सांगते कुठला आंबा आज खायचा. तो वास गेला तर हापूस म्हणून विकायचं काय?

सड्यावरचा: बुरशीचं मान्य, ताई. मग आधी गरम पाणी, नंतर लेप. सुरकुतलेल्या सालीला गरम पाणी काय करणार?

आंबेखाऊ (डोंबिवली): आमच्याकडे मुलं साल चोखतात, म्हणून विचारते. काही लेपांत कार्नोबा मेण किंवा शेलॅक असतं. कार्नोबा मेण ब्राझीलच्या ताडाच्या पानांचं, पण शेलॅक लाखेच्या किड्याचं. आपल्या नियमांत फळावर दोन्ही चालतात, पण तसं छापावं लागतं. पेटीवर छापणार का? नसेल तर मला नको.

कलमवाला (राजापूर): मुद्दा वाळवण्याचा आहे. मे महिन्यात आमच्याकडे धुतलेलं धोतर सुकत नाही, लेप कसा सुकणार? पंखे लावायचे, तर वीज दुपारी जाते. मोठ्या पॅकहाऊसला जमेल, शंभर पेट्यांच्या माणसाने काय करायचं?

सड्यावरचा: बरोबर आहे, माझीही पडवीच आहे. यंदा एकाच कलमाचे, एकाच सकाळी काढलेले चार डझन घेतो. सगळे गरम पाण्यातून काढतो, दोन डझनांना लेप, दोन तसेच.

अढीवाली: करा. पिकले की माझ्याकडे पाठवा, पण कुठला कोणता ते सांगू नका. मी वासावरून ओळखते.