कॉफी, कापूर आणि बरणीतला दगड

बिनसाखरेचा (धागाकर्ता):
सकाळी कॉफीची बरणी उघडली तर आत दगड. चार दिवस गावाला गेलो होतो, झाकण नीट बसलं नव्हतं बहुतेक, आणि वर हा पाऊस. चमच्याच्या दांड्याने टोकत बसलो आणि आमचं चिपळूणचं घर आठवलं.

आमच्याकडे कॉफी पिण्यासाठी नसायचीच, ठेवण्यासाठी असायची. घरचे सगळे चहावाले. कॉफी फक्त पाहुण्यांना, आजाऱ्याला आणि बाबांच्या एकादशीला. पन्नास ग्रॅम वर्षभर पुरायची. आम्हा पोरांच्या हाती लागू नये म्हणून आई ती देवघराखालच्या फळीवर ठेवायची, उदबत्त्या नि कापराच्या शेजारी. एकदा काचेची बाटली फुटली, तेव्हा उरलेली कॉफी तिने एका पत्र्याच्या डबीत काढली. डबीचं झाकण सैल.

८७ साली ताईला बघायला मंडळी आली. पोहे झाले, कॉफी आली. मुलाच्या वडिलांनी पहिला घोट घेतला आणि थांबले. मीही घेतला. आरती झाल्यावर तबकाला येतो तो वास! "कॉफी जरा वेगळी दिसतेय, कुठली?" बाबांनी ठोकून दिलं, "म्हैसूरची." ते म्हणाले, "वाटलंच."

लग्न ठरलं. भावोजींना हे अजून माहीत नाही. ते इथे येत नाहीत म्हणून लिहितोय.

तुमच्याकडे कॉफी कुठे ठेवायचे, आता कुठे ठेवता? फसलेले प्रयोगही येऊ द्या. आणि या दगडाचं काय करू?

घाटावरची:
हसून हसून पुरेवाट!! आमच्याकडे कापराऐवजी डांबरगोळ्या. दुबईच्या मामाने मोठ्ठी बाटली आणली होती, आईने ती शालूंच्या ट्रंकेत घातली. वर्षाने काढली. पुढचं नंतर सांगते, कुकर झालाय.

अर्धवट:
"वाटलंच" 😂 त्या माणसाला त्रिवार वंदन.

खादाड_खवीस:
दगड टाकू नका. बुरशी नसेल आणि वास बरा असेल तर बरणीतच थोडं कोमट पाणी ओतून हलवा (उकळतं नको, काच तडकेल). जो काळा अर्क होईल तो फ्रीजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवसांत दुधात घालून संपवा.

इन्स्टंट कॉफी हवेतलं पाणी ओढून घेते. आधी चिकट होते, मग गोळा. त्यात ओला चमचा बुडवला की संपलंच. अजून एक, उकळत्या दुधावर बरणी धरून कॉफी घालायची सवय असेल तर सोडा. वाफ सरळ बरणीत जाते.

बिनसाखरेचा:
रोज तेच करतो. रोज. गेली वीस वर्षं.

म्हापशेंकार:
फ्रीजात ठेवू नका एवढंच सांगतो. शेजारी खारे बांगडे होते.

बंगळुरातली_सून:
इकडे फिल्टर कॉफी, त्यामुळे प्रकरण गंभीर. सासूबाई महिन्याची कॉफी एकदम कध्धीच आणू देत नाहीत. दर शनिवारी दोनशे ग्रॅम, दुकानदार समोर दळून देतो. प्लांटेशन ए आणि पीबेरी (बियांचे प्रकार) निम्मी निम्मी, चिकोरी (एका मुळाची भाजलेली पूड) वीस टक्के. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी शहाणपणा करून एक किलो दळून आणली, म्हटलं खेपा वाचतील. त्या काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या आठवड्यात एक घोट घेतला, टंबलर खाली ठेवला आणि कन्नडमध्ये म्हणाल्या, "आज चहाच टाक."

बास. तेव्हा कळलं. अख्ख्या बिया काही आठवडे तग धरतात, पण दळली की तिला चहूबाजूंनी हवा लागते आणि वास उडायला लागतो. चिकोरी तर दमटपणा पटकन धरते. आता पुडी फोडून डब्यात ओतत नाही. पुडीच वरून दाबून हवा काढायची, तोंड दोनदा दुमडायचं, रबरबँड लावायचा आणि स्टीलच्या डब्यात. डबा गॅसजवळ नाही, खिडकीत नाही, खालच्या कपाटात.

अर्धवट:
"आज चहाच टाक" यापेक्षा तोंडावर फेकली असती तर परवडलं असतं.

बंगळुरातली_सून:
नाहीतर काय. बारा वर्षं झाली, अजून घशात अडकलंय.

मिनेसोटाची_काकू:
लेकाने वाढदिवसाला ताज्या भाजलेल्या बियांचं पाकीट पाठवलं. पाकिटाला पुढे बारीकशी भोकं. ह्यांनी "बघ, फाटकंच पाठवलं" म्हणत त्यावर सेलोटेप लावली, एक नाही तीन पट्ट्या. दोन दिवसांनी पाकीट उशीसारखं टम्म. ह्यांना वाटलं आंबलं, ढोकळ्याच्या पिठासारखं! फेकायलाच निघाले होते. लेकाला फोन केला तर तो हसायचाच थांबेना. म्हणे भाजलेल्या बियांतून काही दिवस कार्बन डायऑक्साइड निघत राहतो, आणि ती भोकं म्हणजे झडप, ती त्याला बाहेर सोडते पण बाहेरची हवा आत घेत नाही. सेलोटेप काढली, पाकीट दाबलं, फुस्स आवाज आला. ह्यांच्या तोंडावर इतका सुरेख वास आला म्हणून सांगू! आता पाहुणे आले की स्वतःच पाकीट दाबून दाखवतात.

इथे थंडीत हवा इतकी कोरडी की गोळे होतच नाहीत. ओठ मात्र फुटतात. कोणाकडे घरगुती उपाय असेल तर सांगा.

घाटावरची:
काकू, तूप. रात्री झोपताना. बेंबीतही लावा.

जुना_गिरगावकर:
पोलसन म्हटलं की लोकांना लोणी आठवतं, 'पोलसन लावणे' (खुशामत करणे) हा शब्दप्रयोगही त्यातलाच. पण त्यांनी धंदा सुरू केला तो कॉफीचा, १८८८ साली मुंबईत. आमच्या आजोबांकडे पोलसनच्या फ्रेंच कॉफीचा डबा होता. दाबून बसवायचं पत्र्याचं झाकण, चमच्याच्या दांडीने उचकटायचं, टप् आवाज व्हायचा. कॉफीच्या डब्याला तसं झाकण आता क्वचितच दिसतं. कॉफी संपल्यावर त्यात खिळे आणि फ्यूजची तार. चाळीस वर्षांनी उघडला तरी खिळ्यांना कॉफीचा वास यायचा, असं आमचे वडील सांगत. वडील जरा वाढवूनच सांगत.

नुस्ती_गंमत:
माझा एक सिद्धांत आहे. आपण मराठी लोक कॉफीत जायफळ घालतो ते चवीसाठी नाहीच. वर्षभर जुनी कॉफी पाहुण्याला खपवायची तर दुसरं काय करणार?

घाटावरची:
आमच्या घरच्या जायफळाला नावं ठेवायची नाहीत हां. सहाणेवर दोन वेढे, वेलची, सायीचं दूध. कोजागरीला तू ये तरी.

नुस्ती_गंमत:
येतो. डांबरगोळ्यांची ती ट्रंक बाहेर काढून ठेवा.

आळशी_मनुष्य:
फ्रीजरचं काय मग? मी दोन किलो बिया आणून बसलोय, सेल होता.

खादाड_खवीस:
फ्रीजर चालतो, फ्रीज नाही. पण आठवड्याला लागेल एवढ्याच छोट्या पुड्या करा, हवाबंद. एक पुडी काढली की ती पूर्ण निवळून खोलीइतकी होईपर्यंत उघडायची नाही. थंडगार बियांवर बाहेरची दमट हवा बसली की दव धरतं, पावसाळ्यात काचेच्या ग्लासावर धरतं तसं. आणि काढलेली पुडी परत आत नाही टाकायची.

आळशी_मनुष्य:
एवढ्या पुड्या कोण करणार

खादाड_खवीस:
मग वाटून टाका. पत्ता पाठवू का?

चिकमगळूर_रिटर्न:
पावसाला एवढ्या शिव्या घालताय म्हणून सांगतो. मंगळुरूच्या बाजूला कच्च्या बिया मुद्दाम पावसाळी हवेत उघड्या गोदामांत पसरून ठेवतात. पुन्हा पुन्हा हलवतात. बिया फुगतात, फिकट पिवळ्या पडतात, आंबटपणा उतरतो. मान्सून्ड मलबार. पूर्वी शिडाच्या जहाजांतून माल युरोपात पोचायला महिनोन्महिने लागायचे, वाटेत बिया दमट व्हायच्या, आणि तिकडच्या लोकांना तीच चव आवडायला लागली. पुढे प्रवास झटपट व्हायला लागला, ती चव गेली, तर गिऱ्हाइकं कुरकुरली! म्हणून आता किनाऱ्यावरच तसं करतात. पण हे फक्त भाजण्याआधी हं. भाजलेल्यावर करू नका.

बिनसाखरेचा:
म्हणजे माझी ही 'मान्सून्ड चिपळूण'.
दगड विरघळवला. अर्धा कप निघाला. बरा लागतोय. बरणी धुऊन उन्हात ठेवायची होती, पण ऊन कुठाय. झाकणातली रबरी रिंग चिरलीये असं आत्ता लक्षात आलं. ती नुसती मिळते का कुठे?

जुना_गिरगावकर:
भांडीवाल्याकडे विचारा.

मिनेसोटाची_काकू:
कुकरची नाही का बसणार?

घाटावरची:
नाही बसत काकू, मी बघितलंय करून. आणि मग कुकरची शिट्टी पण होत नाही.